मार थांबला का, हे कसे ओळखावे?

शेतकऱ्याला कोणी नवे खत आणून दिले, तर तो काय करतो? सगळ्या रानात ते एकदम टाकीत नाही. एका वाफ्याला घालतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो. बी दोन्हींत एकच, पाणी दोन्हींना सारखे. मग पीक उभे राहिले की बांधावर उभा राहून बघतो. पोत्यावर काय छापले आहे, दुकानदार काय सांगतो, यापेक्षा त्याचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त असतो.

हीच नजर आम्हाला आज एका अवघड कामाकडे वळवायची आहे. घरात बाईला मारहाण होते. तिच्यावर जबरदस्ती होते. लहान मुलामुलींच्या अंगाशी कोणी घाणेरडे चाळे करतो, आणि असे करणारा पुष्कळदा ओळखीचाच निघतो. हा विषय पारावर कोणी काढत नाही. पण तो घरोघरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यावर उपाय पुष्कळ निघाले. घरातल्या छळापासून बायकांना वाचवण्यासाठी २००५ साली देशाने कायदा केला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले. २०१५ पासून 'सखी' केंद्रे निघाली. तिथे बाईला डॉक्टर, वकील, पोलीस आणि थोडे दिवसांचा आसरा एकाच जागी मिळावा, अशी योजना आहे. १८१ नंबरवर फोन करून मदत मागता येते. संस्थांची सल्ला केंद्रे आहेत, बचत गट आहेत, गावच्या समित्या आहेत.

या सगळ्याला पैसा लागतो आणि माणसे लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाई जिवावर उदार होऊन तिथे जाते. मग प्रश्न असा की, गेल्यावर तिचा मार थांबतो का? उपाय लागू पडतो की नुसताच चालू राहतो? हे बघायचे कसे, ते या पाठात सांगतो.

वहीतला आकडा

समजा, दोन गावे आहेत. पहिल्या गावात वर्षभरात मारहाणीची एकही तक्रार झाली नाही. दुसऱ्या गावात वीस तक्रारी झाल्या. कोणते गाव चांगले?

साहेब गाडीतून उतरतात, वही उघडतात आणि पहिल्या गावाची पाठ थोपटतात. आम्ही म्हणतो, साहेब, जरा थांबा.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांना एकांतात विचारले. १०० तल्या २९ बायकांनी सांगितले की, नवऱ्याने कधी ना कधी मारले आहे किंवा जबरदस्ती केली आहे. पुढचा आकडा त्याहून वाईट आहे. असा त्रास सोसलेल्या १०० बायकांपैकी ७७ जणींनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ तोंडही उघडले नव्हते. मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त १४. त्यांतल्याही बहुतेक माहेरच्या माणसांकडे गेल्या होत्या. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या.

आता पहिल्या गावाकडे पुन्हा बघा. तिथे तक्रार नाही, म्हणून मार नाही असे म्हणाल का? जिथे दवाखानाच नाही, त्या गावात कागदावर रोगीही नसतात. दवाखाना निघाला की रांग लागते. म्हणून काही दवाखान्याने रोग आणला असे होत नाही.

तेव्हा नवे केंद्र निघाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे तक्रारी वाढल्या, तर ते बहुधा चांगले लक्षण समजावे. बायकांना वाट सापडली, भरवसा वाटला. पण तेवढ्यावर गप्प बसू नये. वही नीट वाचावी. नव्या बायका येत आहेत, की त्याच बायका पुन्हा पुन्हा येत आहेत? तीच बाई चौथ्यांदा आली, तर पहिल्या तीन खेपांना तिला काय मिळाले, हे विचारायला हवे. वस्तीवरच्या, मजुरांच्या, पारध्यांच्या, मुसलमानांच्या, परप्रांतातून लग्न करून आणलेल्या बायका त्या वहीत आहेत का? का नुसत्या गावठाणातल्याच?

बक्षिसाच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे ठेवली. हेतू चांगला होता. बांधाचे, वाटणीचे भांडण कोर्टात वर्षानुवर्षे कुजते, घरे धुऊन निघतात. ते पारावर मिटले तर कोणाला नको आहे? पण बांधाचा तंटा आणि बाईला मारणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. बांधावर दोघे समोरासमोर उभे असतात. घरात एक मारतो आणि एक सोसते. तंटे कमी म्हणून गावाला बक्षीस मिळणार असेल, तर तक्रार करणारी बाई त्या बक्षिसाच्या आड येते. तिला कोणी उघड 'नको' म्हणणार नाही. 'वहिनी, एवढं वरीस जाऊ द्या, मग बघू,' असे गोड बोलतील. वहीत एक तक्रार कमी होईल. घरात काहीच कमी होणार नाही.

बलात्कार आणि मुलांवरचा अत्याचार यांत तर समेट हा शब्दच लागू होत नाही. बलात्काराच्या खटल्यात तडजोड चालणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१५ साली स्पष्ट सांगितले आहे. मुलांसाठी २०१२ साली वेगळा कायदा झाला. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे तो सांगतो. पंचांनी अशी गोष्ट मिटवली तर ती समितीची कामगिरी नव्हे, कायद्याचा भंग आहे.

समेट झाला, पुढे?

सल्ला केंद्रांच्या अहवालात एक ओळ हमखास असते. इतकी प्रकरणे आली, इतक्यांत समेट झाला. समेट जास्त तर केंद्र चांगले, असे वाचणारा धरून चालतो.

समेट म्हणजे काय होते, ते आपण जाणतोच. नवरा चार माणसांत मान खाली घालतो. 'पुन्हा हात उचलणार नाही,' असे लिहून देतो. सासू म्हणते, आमची सून लेकीसारखी आहे. बाई मुलांकडे बघते आणि परत जाते. केंद्राच्या वहीत त्या दिवशी प्रकरण संपते. बाईच्या लेखी त्या दिवशी ते नव्याने सुरू होते.

काही घरांत समेट खरोखर टिकतो. नवरा दारू सोडतो, वेगळे बिऱ्हाड होते, गोष्टी सुधारतात. ते आम्ही नाकारीत नाही. पण टिकला की नाही, हे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने विचारल्याशिवाय कळायचे नाही. पेरणीच्या दिवशी पीक मोजता येते का?

शिवाय नुसते 'मारतो का?' एवढे विचारून भागत नाही. हात थांबतो आणि तोंड सुरू होते. मजुरीचे पैसे काढून घेतले जातात. माहेरच्या फोनवर पहारा बसतो. रात्री तिच्या मनाविरुद्ध जबरदस्ती होते आणि ती कोणाला सांगण्यासारखी नसते. २००५ च्या कायद्याने या सगळ्याला छळ म्हटले आहे: अंगाचा छळ, जबरदस्ती, मनाचा व बोलण्याचा छळ, आणि पैशाची कोंडी. म्हणून मोजताना चारही मोजावे. आणि तिला एक साधा प्रश्न विचारावा, 'संध्याकाळी तो घरी यायच्या वेळेला तुमच्या पोटात गोळा येतो का?' आम्हाला वाटते, पुष्कळ मोठाल्या तक्त्यांपेक्षा या प्रश्नाच्या उत्तराने जास्त कळेल.

दोन शहरांची गोष्ट

उपाय लागू पडतो का, हा प्रश्न आपल्याच देशाला पडला असे नाही. अमेरिकेतही बाईने बोलावले म्हणून पोलीस घरी जात, नवऱ्याला दोन शब्द सुनावत आणि परत येत. मारणाऱ्याला अटक करावी की समजूत घालावी, यावर तिथे मोठा वाद होता. मग १९८१-८२ साली मिनियापोलिस नावाच्या शहरात खताच्या वाफ्यासारखाच प्रयोग झाला. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या दोन अभ्यासकांनी तो केला.

पोलिसांना रंगीत कागदांच्या वह्या दिल्या. किरकोळ मारहाणीच्या घरी गेले की वरचा कागद ज्या रंगाचा, तसे करायचे. एका रंगाला अटक. दुसऱ्या रंगाला समजूत घालणे. तिसऱ्या रंगाला नवऱ्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढणे. कोणाला काय, हे पोलिसाच्या मर्जीवर ठेवले नाही. का? मर्जीवर ठेवले असते, तर चांगल्या दिसणाऱ्यांना समज आणि गरिबांना अटक, असे झाले असते. मग फरक उपायाचा की माणसांचा, ते कळले नसते. अशी ३१४ प्रकरणे तपासली आणि पुढे सहा महिने लक्ष ठेवले.

पोलिसांच्या दप्तरात असे दिसले: अटक झालेल्या १०० पैकी १० जणांनी सहा महिन्यांत पुन्हा मारहाण केली. समज दिलेल्यांत असे १९ निघाले, घराबाहेर काढलेल्यांत २४. पण बायकांना विचारले तेव्हा आकडे बदलले. अटक झालेल्यांत १९, समज दिलेल्यांत ३७, बाहेर काढलेल्यांत ३३. म्हणजे अटकेने मार कमी झाला, हे दोन्हीकडून दिसले. पण दप्तरात जेवढा मार दिसत होता, त्याहून खूप जास्त मार घरात होता. समज दिलेल्यांत तर जवळजवळ दुप्पट! कागद कितीही जपून लिहिला, तरी बाईला विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे इथे आकड्यांनी दिसून आले. आणि त्यातही शेवटपर्यंत उत्तरे देणाऱ्या बायका निम्म्याच होत्या.

वर्तमानपत्रांनी हा प्रयोग गाजवला. ठिकठिकाणी पोलिसांना हुकूम सुटले, मारणाऱ्याला अटक करा. आपण असतो तर आपणही हेच केले असते.

पण शहाणा शेतकरी एका हंगामावर भरवसा ठेवत नाही. दुसऱ्या रानात, दुसऱ्या वर्षी तेच खत पुन्हा घालून बघतो. त्याप्रमाणे आणखी पाच शहरांत तोच प्रयोग झाला. काही ठिकाणी अटकेने मार कमी झाला. काही ठिकाणी फरक पडला नाही. मिलवॉकी शहरात १९८७-८८ साली जे दिसले, त्याने तर सगळ्यांना विचारात पाडले. ज्यांना नोकरी होती, अब्रू होती, ते अटकेने वरमले. ज्यांना काम नव्हते, गमवायला काही नव्हते, अशांपैकी पुष्कळांनी सुटून आल्यावर जास्त मारले. हा दुसरा प्रयोगही शर्मन यांनीच केला होता. पहिल्या प्रयोगाने त्यांचे नाव झाले होते, तरी दुसऱ्याचा निकाल त्यांनी दाबून ठेवला नाही. आम्हाला यात मोठेपणा दिसतो.

यावरून पोलीस नकोत, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जीव धोक्यात असेल तर पोलिसांनाच बोलावावे, ११२ नंबर फिरवावा. या गोष्टीतून कळते ते एवढेच की, दोन-चार तास आत ठेवून सोडून दिलेला माणूस रागाने फुललेला परत येतो, आणि घरात ती एकटीच असते. अटकेनंतर तिच्याकडे कोण जाते, तिला कोर्टाचा मनाई हुकूम मिळतो का, रात्री झोपायला दुसरी जागा आहे का, यावर पुष्कळ ठरते. सुटी अटक म्हणजे खत घातले आणि पाणी तोडले.

विचारावे कसे

बाईला विचारल्याशिवाय कळत नाही, हे खरे. पण विचारण्यानेही बाई मार खाऊ शकते. एखादा उत्साही कार्यकर्ता वही घेऊन दारात उभा राहतो आणि सासूच्या देखत विचारतो, 'ताई, त्या तक्रारीचं काय झालं?' तो निघून जातो. पुढे काय होते, ते त्याच्या वहीत येत नाही.

मघाशी ज्या सरकारी पाहणीबद्दल सांगितले, तिचे नियम याबाबत लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घरात चार बायका असल्या तरी मारहाणीचे प्रश्न एकीलाच विचारायचे, म्हणजे घरात त्याची चर्चा होत नाही. एकांत असला तरच विचारायचे. एकांत मिळाला नाही, तर ते प्रश्न सोडून द्यायचे. आकडा राहिला तर राहिला, बाई महत्त्वाची.

गावात काम करणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे. विचारणारी बाईच असावी, आणि शक्यतो परगावची. आपल्याच भावकीतल्या बाईजवळ कोण बोलेल? फोन करायचा तर कोणत्या वेळी करावा, हे तिलाच आधी विचारून ठेवावे. आमच्या मते दुसऱ्या कोणी फोन उचलला तर काय बोलायचे, तेही ठरवून ठेवावे. बाई 'नको' म्हणाली तर उठून यावे. आणि विचारून झाल्यावर तिला मदत हवी असली, तर ती कुठे मिळेल ते सांगता आले पाहिजे. नुसते उत्तर घेऊन निघून जाणे म्हणजे जखम उघडी करून ठेवणे.

आणखी एक. जी बाई केंद्रात काम करते, तिनेच 'आमच्यामुळे तुम्हाला बरं वाटलं ना?' असे विचारू नये. समोरची बाई भिडेपोटी 'व्हय' म्हणणारच. ज्यांनी आपल्याला चहा पाजला, आपल्याबरोबर कोर्टात आल्या, त्यांना नाही कसे म्हणावे? म्हणून विचारणारे वेगळे असावेत.

आठ गावे

पोलीस आणि कोर्ट मार झाल्यानंतर येतात. मार होऊच नये म्हणून केलेल्या कामाची परीक्षा घेता येते का? येते. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नावाचा एक गरीब प्रांत आहे. तिथे २००१ ते २००५ या काळात आठ खेड्यांत असे काम झाले. आपल्या बचत गटांशी त्याचे फार साम्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आठांपैकी चार गावांतल्या गरीब बायकांना धंद्यासाठी लहान कर्जे दिली. पाच-पाच जणींचा गट, एकीला दुसरी जामीन. दर पंधरवड्याला पुष्कळ गट एकत्र जमत, हप्ते भरत. त्याच बैठकीत तासभर बोलणे होई. कशावर? मुलीला आणि मुलाला वेगळे का वाढवतो, नवऱ्याने मारले तर ते नशीब का समजायचे, नको तेव्हा 'नको' कसे म्हणायचे, एड्स कसा होतो. पुढे काही बायकांनी पुढाकार घेतला. गावसभा घेतल्या, मोर्चे काढले, बलात्कार आणि गुन्हे यांवर लक्ष ठेवायला समित्या केल्या.

बाकीच्या चार गावांत हे काम लगेच सुरू केले नाही, नंतर केले. पण तिथल्या तशाच गरीब बायकांना तेच प्रश्न विचारले. हा झाला शेजारचा वाफा. ही तुलना नसती, तर दोन वर्षांनी मार कमी झालेला दिसला तरी तो कामामुळे की दुसऱ्या कशामुळे, हे सांगता आले नसते.

दोन वर्षांनी दिसले ते असे. गटातल्या बायकांना गेल्या वर्षभरात नवऱ्याकडून झालेली मारहाण आणि जबरदस्ती, शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी होती.

मग शंका निघाली. हा गुण पैशाचा की बोलण्याचा? ज्या गावांत नुसती कर्जे दिली होती, बैठकीतले बोलणे नव्हते, त्या गावांशीही ताडून पाहिले. तिथेही घरची स्थिती सुधारली होती. पण मार कमी झाल्याचे तिथे दिसले नाही. पैसा आणि बोलणे दोन्ही एकत्र आले तिथेच फरक पडला. गटात हप्ता भरायचा, सह्या करायच्या आणि लगबगीने घरी जायचे, अशी आपल्याकडे ज्या गटांची रीत आहे, त्यांनी हे दोनदा वाचावे.

या कामामुळे गावातली एड्सची लागणही कमी होईल, अशी आशा होती. ती पुरी झाली नाही. तेही अभ्यासकांनी जसेच्या तसे लिहिले आहे. ज्या अहवालात सगळेच चांगले लिहिलेले असते, तो आम्ही जरा सावधपणे वाचतो.

दवाखान्याच्या दारात

मार खाल्लेली बाई केंद्रात जाईलच असे नाही, पण हात मोडला तर दवाखान्यात जातेच. विचारले तर म्हणते, 'मोरीत पाय घसरला.' मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' नावाचा विभाग निघाला. महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने मिळून तो काढला. तिथल्या नर्सबाईंना आणि डॉक्टरांना शिकवले की, अशा जखमेमागे काय असू शकते ते ओळखा, हळूच विचारा, तुमची चूक नाही असे सांगा, आणि विभागाकडे पाठवा. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही असे विभाग निघाले. त्याआधी १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. तोही नंतर राज्यभर पसरला.

दवाखान्याच्या कामाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. आपण होऊन किती बायका आल्या, एवढे मोजून चालत नाही. पडले, भाजले, विष प्यायले म्हणून ज्या आल्या, त्यांतल्या किती जणींना कोणी एकांतात विचारले, हे मोजावे.

बलात्कार झालेल्या बाईच्या बाबतीत कायदाच मापे देतो. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्याने तिला ताबडतोब फुकट उपचार दिले पाहिजेत आणि पोलिसांना कळवले पाहिजे. कोणत्याही पोलीस ठाण्याने, आपली हद्द नसली तरी, तक्रार लिहून घेतली पाहिजे. मुलाची साक्ष त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यावी, पोलीस गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. मुलांचा खटला होता होईल तो वर्षात संपवावा. घरगुती छळाच्या अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा कोर्टाने प्रयत्न करावा. बाईला वकील फुकट मिळण्याचा हक्क आहे, मग तिची मिळकत कितीही असो. ही सगळी मापे छापलेली आहेत. आपल्या तालुक्यात ती कुठवर पाळली जातात, एवढेच ताडून बघायचे.

हे ताडून बघायला पदवी लागत नाही. ग्रामसभेत, महिला सभेत विचारता येते. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण? त्याच्याकडे किती गावे आहेत? गेल्या वर्षी किती अर्ज आले, किती कोर्टात गेले, किती जणींना साठ दिवसांत हुकूम मिळाला? हुकूम मिळाल्यावर सहा महिन्यांनी किती जणींकडे कोणी जाऊन आले? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तिथेच काम कच्चे आहे असे समजावे.

कोणी उत्तर देत नसेल, तर माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज करावा. त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. ३० दिवसांत उत्तर यावे असा नियम आहे. अर्जात आकडे, तारखा आणि खर्च विचारावा. कोणत्याही बाईचे किंवा मुलाचे नाव, गाव, वस्ती विचारू नये. चुकून कागदात नाव आलेच, तर ते सभेत वाचू नये. बलात्कार झालेल्या बाईचे किंवा अत्याचार झालेल्या मुलाचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी मदत हवी असली तर १०९८, आणि बायकांसाठी १८१, हे नंबर चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. ज्या बायकांना अजून वाचता येत नाही, त्यांच्याकडून ते तोंडपाठ करून घ्यावेत.